बर्नार्ड लीच : एका परक्या कुंभाराचे चरित्र

आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक अंकात गोरोबाकाकांचे स्मरण होते, समाजातील कर्त्या पुरुषांचा परिचय होतो, आणि ते योग्यच आहे. या वर्षी मात्र आम्ही वाचकांपुढे अशा एका गृहस्थाचे चरित्र ठेवीत आहोत, ज्याचा आपल्या ज्ञातीशी, धर्माशी किंवा देशाशी जन्माने काहीच संबंध नव्हता. त्याच्या सात पिढ्यांत कोणी चाकाला हात लावलेला नव्हता. वडील न्यायाधीश, आणि तो स्वतः काही काळ बँकेतील कारकून. तरीही विसाव्या शतकात कुंभारकाम शिकू इच्छिणाऱ्या नवख्या माणसाला चाकावर कसे बसवावे, मातीचा वाडगा कसा घडवू द्यावा आणि तो कसा रंगवू द्यावा, याचा जगभर जो परिपाठ पडला, त्याचा बराच भाग या गृहस्थाच्या कार्यशाळेतून निघाला. त्याचे नाव बर्नार्ड लीच.

लीच यांचा जन्म ५ जानेवारी १८८७ रोजी हाँगकाँग येथे झाला. जन्मतःच आईचे छत्र हरपले आणि पहिली काही वर्षे ते आजी-आजोबांजवळ जपानमध्ये वाढले. पुढे हाँगकाँग, सिंगापूर आणि दहाव्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंड, असा त्यांचा प्रवास झाला. १९०३ साली ते लंडनच्या स्लेड या कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी हाँगकाँग-शांघाय बँकेच्या लंडन कचेरीत नोकरी धरली, पण आकड्यांत त्यांचे मन रमले नाही. नोकरी सोडून ते धातूच्या पत्र्यावर कोरून चित्रे छापण्याची विद्या शिकले, आणि ती विद्या जपानी लोकांना शिकवावी या हेतूने १९०९ साली छापयंत्र बरोबर घेऊन तोक्योस पोहोचले. शिकवावयास गेलेला हा बावीस वर्षांचा तरुण तेथे विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज म्हणावयास हरकत नाही.

१९११ साली तोक्योतील कलावंतांच्या एका मेळाव्यात पाहुण्यांपुढे भाजलेली पण झिलई न दिलेली भांडी आणि कुंचले ठेवण्यात आले. प्रत्येकाने आपल्या आवडीचे चित्र वा अक्षरे काढावयाची, मग ती भांडी झिलईत बुडवून कोळशाच्या लहानशा भट्टीत ठेवावयाची, आणि थोड्याच वेळात लालबुंद झालेले भांडे चिमट्याने बाहेर काढावयाचे, असा तो राकू नावाचा प्रकार होता. आपण काढलेले चित्र आगीतून पक्के होऊन बाहेर येताना पाहिले आणि लीच यांचा निश्चय झाला : ही विद्या शिकावयाची. वय चोवीस. आपल्या घरांत या वयाचा मुलगा दहा-पंधरा वर्षांचा अनुभवी असतो!

गुरूचा शोध सुरू झाला. तोमिमोतो केन्किची हे जपानी मित्र दुभाषी म्हणून बरोबर होते. गुरू मिळाले ते उरानो शिगेकिची. जपानमधील केन्झान या प्रख्यात कुंभार-परंपरेतील ते सहावे. वृद्ध, हलाखीत दिवस काढणारे, पण आपल्या विद्येविषयी निष्ठावान. त्यांनी या परदेशी तरुणाला माती, झिलई, रंग आणि भट्टी यांचे पाठ दिले, त्याच्या अंगणात भट्टी उभारून दिली, आणि अखेरीस परंपरेतील नुसख्यांसह केन्झानचा वारसा लीच आणि तोमिमोतो या दोघांच्या हाती सोपविला. म्हणजे सातवा केन्झान हा मान एका इंग्रजाला मिळाला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्याकडे मातीत काय मिसळावे, आव्याला धग किती द्यावी, काव कोठली आणावी, हे बापाने मुलाला सांगावे आणि सुनेला ते माहेरी सांगू देऊ नये, अशी रीत अनेक घरांत होती. ती सर्वस्वी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. पोटाचा प्रश्न होता. पण वारस उरला नाही म्हणून विद्या चितेवर गेली, अशी घरेही आपल्या पाहण्यात आहेत. केन्झान गुरुजींनी परक्याला विद्या दिली आणि तिचे पुढे काय झाले, हे या चरित्रातून दिसेल.

मध्यंतरी १९१४ ते १९१६ या काळात लीच पेकिंग येथे होते. तेथून त्यांना परत बोलावले ते यानागी सोएत्सू यांनी. नाव नसलेल्या साध्या कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूत जे सौंदर्य असते, त्याचा पुरस्कार करणारे हे जपानी विचारवंत. तोक्योजवळील आबिको येथे यानागींच्या जागेत लीच यांनी कार्यशाळा बांधली, आणि १९१९ साली ती आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. परिश्रमाने जमविलेल्या नोंदीही त्यातच गेल्या. दुसऱ्या एका रसिकाने तोक्योत जागा दिल्यामुळे काम थांबले नाही. याच सुमारास हामादा शोजी हा तरुण त्यांना भेटला. शाळेत कुंभारकामाचे शास्त्र शिकलेला, झिलईचे असंख्य प्रयोग केलेला आणि वृत्तीने अत्यंत शांत. १९२० साली लीच इंग्लंडला परतले तेव्हा हामादाही त्यांच्याबरोबर निघाले.

कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी कार्यशाळा सुरू झाली. जागा निवडताना व्यवहार पाहिला गेला नाही, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते. गावातील एका हस्तकला मंडळाच्या चालक बाईंनी भांडवल देऊ केले, म्हणून ते गाव. तेथे भट्टीसाठी पुरेसे लाकूड नाही आणि उच्च आचेला टिकणारी मातीही नाही! तांबडी माती जवळच्या सेंट अर्थ या गावी मिळे. बाकीची दुरून आणावी लागे. कोणाही अनुभवी कुंभाराने, आधी माती आणि जळण पाहा, मग चाक रोवा, असेच त्यांना सांगितले असते.

उतारावर चढत जाणारी, एकापुढे एक खोल्या असलेली जपानी पद्धतीची भट्टी त्यांनी बांधली. पश्चिमेकडील देशांत अशी भट्टी पूर्वी नव्हती. पण ती नीट साधली नाही. तेव्हा मदतीला आला तो मात्सुबायाशी त्सुरुनोसुके. हा गृहस्थ जपानमधील उजी येथील पिढीजात कुंभार घराण्यातला. त्याने १९२३ च्या सुमारास तीन खोल्यांची भट्टी नव्याने बांधून दिली, आणि ती पुढे सुमारे पन्नास वर्षे जळत राहिली. शिकून झालेले कुंभार अडले तेथे वंशाने आलेल्या विद्येने हात दिला, याचा आमच्या वाचकांना अभिमान वाटल्यास नवल नाही. मात्र तो येथेच थांबला नाही. मातीचे आणि आगीचे शास्त्र त्याने तेथील शिकाऊ मंडळींना रीतसर व्याख्याने देऊन समजावून सांगितले.

ही शिकाऊ मंडळी कोण होती? १९२३ साली मायकेल कार्ड्यू आला, विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. १९२४ मध्ये कॅथरिन प्लेडेल-बूव्हरी आणि १९२५ मध्ये नोरा ब्रेडन या दोन स्त्रिया आल्या. आपल्याकडे माती कालविणे, वाळविणे, रंगविणे ही कामे घरातील बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. चाकाला मात्र त्यांनी हात लावू नये असा दंडक. सेंट आइव्हजला शिकलेल्या या दोघींनी पुढे लाकडांची आणि झाडांची निरनिराळी राख घेऊन झिलईचे जे प्रयोग केले, ते आजही अभ्यासिले जातात. दंडक कोणाच्या हिताचा होता, याचा विचार आमच्या भगिनींनीच करावा.

पैशाची मात्र सदैव ओढाताण. उन्हाळ्यात गावी येणाऱ्या प्रवाशांना कोऱ्या भांड्यांवर चित्रे काढू द्यावी आणि राकू पद्धतीने त्यांच्यासमोर भाजून द्यावी, असा उपक्रम कार्यशाळेने चालविला. ज्या खेळातून स्वतः लीच या विद्येत ओढले गेले, तोच खेळ चार पैशांसाठी दुसऱ्यांपुढे मांडावा लागला. तरीही नवख्याला प्रथम भांडे रंगवू द्यावे आणि आगीचा चमत्कार दाखवावा, मग चाकाचे कष्ट, हा क्रम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या मुलांना आपण आधी चिखल तुडवावयास लावतो, आणि मग ती कारखान्यात नोकरी शोधतात.

आता चाकावरील शिक्षणाकडे वळू. प्रथम माती मळणे. जपानी रीतीत दोन्ही तळव्यांनी माती दाबत आणि फिरवीत अशी मळतात की गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या वळ्या उमटतात. आत हवेचा बुडबुडा राहिला तर चाकावर हात अडखळतो. मग गोळा चाकाच्या मध्यावर बसविणे. सारे अडते ते येथे. नवखा माणूस मनगटाच्या जोराने मातीशी झुंजतो. कोपर मांडीला वा कुशीला टेकवून हात स्थिर ठेवावा आणि माती हाताखाली फिरू द्यावी, हे कळावयास कोणाला आठवडा लागतो, कोणाला महिने. आपल्या घरातील मूल हे पाहूनच शिकते, म्हणून आपल्याला ते शब्दांत सांगता येत नाही. लीच यांना ते शब्दांत सांगावे लागले, कारण त्यांचे शिष्य मोठ्या वयाचे होते. आणि सांगता आले, कारण ते स्वतःही मोठ्या वयात शिकले होते.

गोळा स्थिर झाला की अंगठ्याने खोबण पाडावी, तळाला पुरेशी माती ठेवावी, आणि आतील व बाहेरील बोटांच्या मध्ये माती वर चढवीत न्यावी. वाडगा दिसावयास सोपा असतो, पण नवखा येथे हटकून चुकतो. तो आधी सरळ भिंत चढवितो आणि शेवटी तोंड बाहेर ढकलतो. परिणामी आत तळाशी कोपरा राहतो आणि काठ लुळा पडतो. वाडग्याचा आतला बाक तळाच्या मध्यापासून काठापर्यंत एकच असावा लागतो, आणि तो पहिल्या खोबणीपासूनच मनात असावा लागतो. काठ शेवटी बोटाने हलका दाबून घट्ट करावा, दोऱ्याने बूड कापून वाडगा फळीवर ठेवावा. नख रुतेल पण बोट रुतणार नाही इतका तो सुकला म्हणजे चाकावर उपडा घालून लोखंडी हत्याराने बुडाची जादा माती तासावी आणि कडे काढावे. आपल्याकडे हे तासणे फारसे नसते. आपण थापी आणि आतला गुंडा यांनी ठोकून भांडे पातळ करतो आणि वाढवितो. दोन्ही वाटा चांगल्या. मात्र ठोकलेल्या माठाला पाणी गार ठेवावयाचे असते, आणि कडे काढलेला वाडगा तळहातावर घ्यावयाचा असतो.

सेंट आइव्हजच्या कार्यशाळेत पायाच्या दांडीने चालवावयाचे, बसून वापरण्याचे चाक प्रचारात आले. ते पुढे लीच यांच्या नावाने अनेक देशांत गेले. हामादा मात्र जपानमधील माशिको गावी स्थायिक झाल्यावर हाताचे चाक खाचेत काठी घालूनच फिरवीत. हे वाचून आपल्या वृद्ध मंडळींना समाधान वाटेल, कारण तीच आपली रीत. १९५५ साली जपान सरकारने ज्यांना राष्ट्राचे जिवंत वैभव म्हणून गौरविले ते हामादा याच चाकावर बसत होते.

रंगविण्याच्या बाबतीत लीच यांचा हात विशेष होता. ते मुळात चित्रकार. खरे सांगावयाचे तर चाकावर त्यांच्यापेक्षा सरस हात त्यांच्याच कार्यशाळेत होते. त्यांच्या उत्तरायुष्यातील पुष्कळशी मोठी भांडी बिल मार्शल या त्यांच्या शिष्याने त्यांच्या आराखड्यावरून चाकावर चढविली आणि लीच यांनी ती रंगविली. यात आम्हांस काही गैर दिसत नाही. आपल्या घरातही घडविणारा हात एकाचा आणि रंगविणारा दुसरीचा असतोच. उडी मारणारा मासा, उडता पक्षी, वाटसरू, वृक्ष अशी मोजकी चित्रे ते वर्षानुवर्षे काढीत राहिले. शिष्यांसाठी पद्धती अनेक होत्या. अर्धवट सुकलेल्या वाडग्याला पातळ पांढऱ्या मातीचा लेप देऊन तो ओला असतानाच बोटांनी वा फणीने नागमोडी रेघा ओढणे. लेप सुकल्यावर टोकदार काडीने कोरून खालची तांबडी माती उघडी करणे. मेणाने चित्र काढून मग रंग देणे, म्हणजे मेणाखालची जागा कोरी राहते. आणि कुंचल्याने लोहयुक्त मातीचा रंग लावणे. हा शेवटचा रंग म्हणजे आपली कावच. उच्च आचेत झिलईखाली ती तपकिरी वा काळी होते. कुंचल्याचा फटकारा एकदा उमटला की पुसता येत नाही, म्हणून कागदावर शंभर वेळा सराव करून मगच वाडग्याकडे वळावयाचे.

डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन येथे एल्महर्स्ट दांपत्याने चालविलेल्या संस्थेतही लीच यांनी १९३० नंतर कार्यशाळा काढून शिकविले. यातील लेनर्ड एल्महर्स्ट म्हणजे रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात १९२२ साली ग्रामोद्धाराचे काम उभे करणारे गृहस्थ. भारताशी लीच यांचा आणखीही धागा होता. सरदार गुरचरण सिंग १९१९ नंतर जपानमध्ये कुंभारकाम शिकत असताना त्यांचा लीच, हामादा व यानागी यांच्याशी परिचय झाला. दिल्लीत कलात्मक मृत्पात्रांची जी परंपरा पुढे रुजली तिचे ते जनक. निर्मला पटवर्धन यांनीही सेंट आइव्हजला लीच यांच्याकडे काम केले आणि नंतर कुंभारकाम करणाऱ्यांसाठी झिलई व मातीवर हस्तपुस्तिका लिहिली.

लीच यांचे गृहजीवन सरळ नव्हते. तीन विवाह झाले, आणि पहिल्या पत्नीच्या वाट्यास बरेच दुःख आले. व्यवहारातही ते कच्चेच होते. १९३४ साली ते जपानला गेले असता त्यांचा थोरला मुलगा डेव्हिड हा वडिलांच्या मनाविरुद्ध स्टोक येथील तंत्रशाळेत दाखल झाला. कारखान्यांचे शास्त्र म्हणजे हस्तकलेचा शत्रू, असे वडिलांचे मत. पण १९३७ साली परतलेल्या या मुलानेच माती सुधारली, भट्टी तेलावर आणली आणि गावातील मुलांना उमेदवार म्हणून घेण्यास सुरुवात केली. पंधरा वर्षांचा बिल मार्शल १९३८ साली आला तो असा. ठराविक वजनाचा गोळा, ठराविक उंची व रुंदी दाखविणारी काडी चाकाशेजारी, आणि एकाच आकाराचे शेकडो नग; सूप, दूध, भाजी यांसाठी रोजच्या वापरातील भांडी. १९४६ पासून त्यांची सूची छापली जाऊ लागली आणि कार्यशाळेला प्रथमच स्थैर्य आले. मुलाने शाळेत जाऊन घरची विद्या मोडली नाही, तगविली. आमच्या ज्या ज्ञातिबांधवांना मुलाने तंत्रशिक्षण घेतले म्हणजे चाक सुटले असे वाटते, त्यांनी या पितापुत्रांचा वृत्तांत अवश्य ध्यानात घ्यावा.

१९४० साली लीच यांचा कुंभारकामावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. माती, झिलया, रंग, भट्टी, कार्यशाळेचे वर्षभराचे काम, असे सारे त्यात आहे. झिलयांची प्रमाणेही उघड दिली आहेत. केन्झान गुरुजींनी दोघांना दिलेल्या विद्येचा हा वाटा आता कोणालाही विकत घेता येत होता. युद्धकाळात, १९४१ च्या जानेवारीत, कार्यशाळेवर बाँब पडून मोठी हानी झाली, पण काम पुन्हा उभे राहिले.

तो ग्रंथ वाचून अमेरिकेहून वॉरन मॅकेन्झी आणि त्यांच्या पत्नी ॲलिक्स १९४९ साली सेंट आइव्हजला आले. लीच यांनी त्यांची भांडी पाहिली आणि जागा नसल्याचे सांगून सौम्यपणे नकार दिला. दोघांनी निदान काही दिवस काम पाहू द्यावे अशी विनंती केली. त्या मुक्कामात एका रात्री भट्टी लागली असता लीच यांची पहाटेपर्यंतची पाळी होती. हे जोडपे त्यांच्याबरोबर आगीपाशी बसले आणि बोलणे रात्रभर चालले. सकाळी लीच यांनी निर्णय फिरविला. ज्यांची भांडी पाहून नाही म्हटले, त्यांना माणसे पाहून हो म्हटले. ती दोघे १९५० ते १९५२ तेथे राहिली, आणि वॉरन यांनी पुढे मिनेसोटा विद्यापीठात दशकानुदशके शेकडो नवशिक्यांना चाकावर बसविले. साधे, स्वस्त, रोज जेवावयाचे वाडगे हाच त्यांचा आयुष्यभराचा माल.

कार्ड्यूने तर ही विद्या आफ्रिकेत नेली. नायजेरियातील अबुजा येथे त्याने काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात लाडी क्वाली ही पिढीजात कुंभारीण आली. मातीच्या वळ्या एकावर एक रचून ती मोठाली भांडी हाताने घडवी आणि त्यांवर सरडे, मासे कोरी. केंद्रात ती चाकही शिकली, उच्च आचेची झिलईही शिकली, पण स्वतःची वळ्यांची रीत तिने सोडली नाही. तिचे चित्र नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर आहे. एका कुंभारणीचे चित्र राष्ट्राच्या नोटेवर यावे, ही बातमी आमच्या घराघरांत सांगण्यासारखी आहे.

१९५२ साली डार्टिंग्टन येथे देशोदेशीचे कुंभार आणि विणकर एकत्र आले. तेथून लीच, हामादा आणि यानागी यांनी अमेरिकेचा दौरा करून ठिकठिकाणी प्रात्यक्षिके दिली. हामादा बोलत थोडे आणि चाकावर बसत; लीच बोलत पुष्कळ. १९७३ साली ब्रिटिश सरकारने लीच यांना कंपॅनियन ऑफ ऑनर हा किताब दिला. तोवर दृष्टी जात चालली होती आणि चाक सुटले होते. तरी अंधत्वात त्यांनी ग्रंथरचना चालू ठेवली. आत्मचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हामादा वारले. १९७७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लीच यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले होते. ६ मे १९७९ रोजी सेंट आइव्हज येथे, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या तिसऱ्या पत्नी जॅनेट, ज्या स्वतः उत्तम कुंभार होत्या, त्यांनी कार्यशाळा पुढे सांभाळली. २००८ साली ती वास्तू डागडुजी करून संग्रहालय आणि कार्यशाळा म्हणून पुन्हा उघडली. मात्सुबायाशीने बांधलेली जुनी भट्टी तेथे जतन करून ठेवली आहे. शेजारच्या खोलीत उमेदवार गोळे वजन करून घेतात आणि वाडगे घडवितात.